रबरी गादी

सायकलच्या दुकानात नव्या ट्यूबचा वास आला की मला तलवाड्याबाहेरचा तो तंबू आठवतो. निजामाच्या अमलात मी तालुकदार साहेबांच्या दौऱ्यावर शिपाई होतो. थंडीत जमिनीचा गारठा पाठीला लागू नये म्हणून साहेबांनी रबरी गादी आणली होती आणि ती रोज तोंडानं फुंकून भरायचं काम माझ्याकडं होतं. त्या दिवशी उन्हं कलताना गादी अर्धी भरली असेल, तेवढ्यात जवळच्या आमच्या गावाहून चुलतभाऊ धावत आला. "तुझी माय गेली. दिवस बुडायच्या आत न्यायचं हाय, चल," तो म्हणाला. मी नळीवर अंगठा दाबून म्हणालो, "तू हो म्होरं. एवढी भरतो अन् आलोच." साहेब कनातीपलीकडं चहा घेत होते. त्यांना विचारलं न्हाई, फुंकत राहिलो. ओठांना रबराची कडू चव आली, कानाला दडे बसले, गादीच्या सुरकुत्या हळूहळू गेल्या. मग बूच फिरवलं, वर घोंगडी अंथरली, कोपरे सारखे केले आणि निघालो. नदीकाठी पोचलो तेव्हा चिता पेटली होती. माणसांनी सरकून मला वाट दिली. वाऱ्यानं माझी बोटं बधिर झाली होती. मी पुढं गेलो आणि हात शेकले. बूच मध्येच लावलं असतं तरी भरलेली हवा तशीच राहिली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आजवर विचारणाऱ्याला मी एकच सांगत आलोय, की साहेबांनी सोडलं न्हाई.