घड्याळवाले टेबलाजवळ आले

घड्याळवाल्यांना मी ओळखत होतो तो फक्त टेबल टेनिसच्या टेबलापलीकडून; त्यांच्या घरी कोण कोण होतं, तेही मला धड सांगता येणार नाही. त्यांच्या रॅकेटच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर होतं. त्यावरून आपलीच फिरकी उलटी होऊन परत यायची. ते पार मागे, दाराबाहेर व्हरांड्यात जाऊन चेंडू खालून कापायचे, म्हणजे चॉप करायचे. आधी चेंडू आत यायचा, मग हे.

पुढे गुडघा बिघडला. "टेबलाजवळ उभं राहून नुसतं ब्लॉक करा, नाहीतर खेळ बंद," असं लेकीनं बजावलं. ब्लॉक म्हणजे आळशाचं काम, असं त्यांचं मत. तोंड पाडूनच आले आणि जागचे न हलता रॅकेट नुसती चेंडूसमोर धरू लागले. चेंडू कधी डावीकडे पडायचा, कधी उजवीकडे, आणि धावायचो मी. मला धाप लागली, तसे ते खुलले.

"अहो, इतकी वर्षं उगाच मीच पळत होतो की!"

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही मला हरवून, रॅकेट पिशवीत घालत म्हणाले, "उद्या जरा पाय मोकळे करून या."

"बघतो," मी म्हणालो.