दोर ओढून देणारे अप्पा

शिवलिंगप्पा, म्हणजे आमचे अप्पा, दोर विकायचे. पण ओढून बघितल्याशिवाय एकही दोर त्यांनी गिऱ्हाइकाच्या हाती दिला नाही. दावं असो, कासरा असो, नाहीतर तान्ह्या बाळाच्या पाळण्याची दोरी असो. एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं मुठीला गुंडाळायचं आणि दोन हिसके द्यायचे. पहिला हिसका दोरासाठी आणि दुसरा गिऱ्हाइकासाठी, असं ते म्हणायचे. घाईचं गिऱ्हाईक असलं की मुद्दाम तिसरा द्यायचे.

नवानवा मास्तर म्हणून मी बसवकल्याणजवळच्या राजेश्वर गावात आलो, तेव्हा शाळेतल्या रस्सीखेचीसाठी जाडजूड दोर आणायला त्यांच्या दुकानी गेलो होतो. तो दोर पायाखाली दाबून भागेना, म्हणून अप्पांनी दुसरं टोक माझ्या हातात दिलं. पहिल्या हिसक्याला मी पायरी चढलो आणि दुसऱ्याला थेट दुकानात, सुतळीच्या ढिगावर जाऊन पडलो. अप्पा जागचे तसूभर हलले नव्हते. आतून त्यांची बायको, महादेवी अक्का, तोंडाला पदर लावून हसत होती.

"दोर पास, मास्तर नापास," अप्पा म्हणाले. "तुमी दोर धरलाच न्हाई की वो. नुसता हातात घेतलात."

मी कपडे झटकले आणि 'काय आगाऊ म्हातारा आहे' असं मनात म्हणत दोर खांद्यावर टाकला. या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. अप्पा तेव्हा म्हातारे नव्हते, पण मला वाटले खरे. पुढं त्यांच्या त्याच पायरीवर बसून मी आयुष्यातल्या निम्म्या संध्याकाळी घालवल्या, आणि त्याला कारण आमचा फुटबॉल क्लब.

क्लब म्हणजे काय, तर गायरानातलं एक मैदान, दोन चेंडू, त्यातला एक कायम आजारी, आणि अप्पांनी स्वतः विणलेल्या गोलच्या दोन जाळ्या. त्या जाळ्या इतक्या घट्ट होत्या की एकदा त्यात शेळी अडकली ती कापूनच सोडवावी लागली. शेळी नव्हे, जाळी. जर्सी एका बियाणेवाल्यानं फुकट दिलेल्या. त्यांच्या छातीवर ठळक अक्षरांत 'भरघोस उत्पन्न' छापलेलं होतं. तीन-तीन सामने एक गोल न करता आमची पोरं ती छाती पुढं काढून बसवकल्याण, हुमनाबादपर्यंत फिरायची. बघणाऱ्यांची करमणूक व्हायची.

अप्पांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पण क्लबचं कुठलंही बोलणं व्हायचं ते त्यांच्या पायरीवरच. तिथं एक रीत होती, अप्पांनीच घातलेली. क्लबच्या कामासाठी कुणी कुणाचं नाव सुचवलं, की दुसऱ्या कुणीतरी ते ओढून बघायचं, म्हणजे त्या माणसातली एक तरी खोट सांगायची. मग ज्यानं नाव काढलं त्यानं तिला उत्तर द्यायचं. उत्तर सगळ्यांना पटलं की नाव पक्कं, नाही तर पडलं. ओढायचं काम अर्थात अप्पाच करत. हात वर करून "तडी!" म्हणत. कानडीत तडी म्हणजे थांब. ती 'तडी' आली की नाव काढणारा हातातला चहा खाली ठेवायचा.

"ज्याच्या नावाला कुणी ओढत न्हाई," अप्पा म्हणायचे, "त्याला कुणी बघितल्यालंच नसतंय."

गेल्या वर्षी ज्येष्ठात आमच्या क्लबच्या मॅनेजरची बदली झाली. तो गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. पोरांच्या मुरगळलेल्या पायाला बैलाचं मलम लावायचा, पण गुणही यायचा. तो गेला आणि आमचं घोडं अडलं. दसऱ्याआधी तालुक्याच्या स्पर्धेचा फॉर्म भरायचा होता आणि त्यावर मॅनेजरचं नाव आणि सही नसेल तर संघाला मैदानात घेणार नव्हते. पगार द्यायची आमची ऐपत नव्हती. जो कुणी येईल त्याला चहा आणि शिव्या, एवढंच.

रोज संध्याकाळी पायरीवर नावं निघायला लागली. जर्सी उसवल्या की शिवून देणारे रफीकभाई टेलर हुमनाबादच्या एका पी.टी. सरांचं नाव घेऊन आले. "डिग्री है अप्पा, बाकायदा डिग्री."

"तडी. गेल्या साली त्यांचा सामना बघितलो मी. सुटीच्या टायमाला पोरं जिभा काढून उभी, आन् सर आदुगर स्वतः पाणी प्याले."

"अरे, प्यास लगी होंगी!"

"लागू दे की. पोरं पळाली, तहान ह्यास्नी कामून लागली?"

सर पडले.

मग आमचा सेक्रेटरी दत्ता, पेट्रोल पंपावर कामाला असलेला तरतरीत पोरगा, ठाणाकुशनूरच्या एका निवृत्त हवालदाराचं नाव घेऊन आला. शिस्तीचा माणूस, पहाटे उठणारा. अप्पांनी मान डोलावली, दत्ता खूश झाला, आणि मग हात वर गेला.

"तडी. त्यो हरल्यावर पोरास्नी मैदानाला धा फेऱ्या मारायला लावतंय. दमून आल्यालं बैल कुणी पळवतंय का रं? त्याला पाणी दाखवावं, गूळ द्यावा."

हवालदारही पडला. मग चिडून दत्तानं मोबाइलवर परदेशातल्या एका बड्या क्लबचा गोरा मॅनेजर दाखवला आणि म्हणाला, "हे घ्या. ह्याला तरी ओढून दाखवा." अप्पांनी चष्मा लावून अर्धा सामना बघितला. "माणूस चांगला हाय," ते म्हणाले, "पण गडी बाहेर आला तर त्याच्याकडं बघंना बी झालाय. पाठीवर हात तरी ठिवावा. आन् त्याला आणायला टेम्पो कोण धाडणार?"

दोन महिने हा नन्नाचा पाढा चालला. डझनभर नावं निघाली आणि पडली. आता खरं सांगायचं तर, या दोन महिन्यांत मी रोज एका गोष्टीची वाट बघत होतो. कुणीतरी माझं नाव काढावं. कॉलेजात मी डावा बॅक खेळलो होतो, सगळी पोरं माझ्या हाताखालून गेलेली, आणि मी रोज तिथंच बसलेला. दुसऱ्या तालुक्यातली माणसं यांना आठवतात, आणि मांडीला मांडी लावून बसलेला मास्तर दिसत नाही? स्वतःचं नाव स्वतः काढायची रीत नव्हती. मी नुसता चहा पीत राहिलो आणि आतून जळत राहिलो. अप्पा अधूनमधून माझ्याकडं बघायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि सुतळी वळायला लागायचे. त्यांचा मला फार राग यायचा.

शेवटी पोरं कंटाळली. दत्तानं शक्कल काढली की अप्पांनाच मॅनेजर करायचं. आमच्याकडं एकदा अंगावर शाल पडली आणि हातात नारळ आला की मग माणसाला नाही म्हणता येत नाही. बेत असा ठरला की बोलायच्या आधीच शाल टाकायची. दत्ता मागनं आला, शाल उलगडली, आणि अप्पांनी मागं न बघता हात वर केला.

"तडी. आदी ओढायचं."

"अप्पा, तुमचंच नाव हाय हे!"

"म्हणून काय झालं? रीत हाय न्हवं?" अप्पा बाजूला सरकले आणि आपल्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवून, जणू तिथं कुणी दुसराच बसलाय, असं बोलू लागले. "ह्यो शिवलिंगप्पा. चेंडू कशानं फुगवत्यात हे बी ह्याला ठावं न्हाई. पेनल्टीच्या टायमाला डोळे मिटतंय. आन् डाक्टर म्हणलाय, ह्याच्या काळजाचा दोर झिजलाय. हंगाम निघंल का न्हाई, नेम न्हाई. असला म्यानेजर काय कामाचा?"

आम्ही खो खो हसलो. रफीकभाई म्हणाले, "आपका दिल तो हम सबकू मिट्टी देके जाएंगा अप्पा." सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. हसण्याच्या नादात त्या आक्षेपाला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून नाव पडलं. अप्पांनी शालीची घडी केली, दुकानातल्या खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "पुढच्याला लागंल."

तीन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, एका गिऱ्हाइकाचा कासरा ओढून बघता बघता अप्पा खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांनी स्वतःचा आक्षेप खरा सांगितला होता आणि आम्ही दात काढले होते. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीत बसवून शेताकडं नेलं. कपाळावर विभूती, मान थोडी तिरकी. चालता चालता रफीकभाई माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, ऐसा लगरा कि अब्बी हात उठाके तडी बोलते." आणि तिथंच रडायला लागले. मलाही आवरलं नाही.

दिवसकार्य आटोपलं तेव्हा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते. आम्ही पायरीवर जमलो. दुकानात अप्पांच्या जागी आता अक्का बसत होती, दावी वळत. मग दत्ता म्हणाला, "मी मास्तरांचं नाव घेतो."

दोन महिने ज्याची वाट बघितली ते झालं होतं. मी खाली मान घालून आक्षेपाची वाट बघू लागलो. पण कुणी काही बोलेना. रफीकभाई चहा ढवळत राहिले. पोरं मान डोलावत होती. आक्षेपच नाही! मला आनंद व्हायला हवा होता, पण उलट जीव कासावीस झाला. ज्याला कुणी ओढत नाही, त्याला कुणी बघितलेलंच नसतं. वीस-बावीस वर्षं इथं बसून मला कुणीच बघितलं नव्हतं की काय?

"तडी," आतून आवाज आला.

अक्का होती. इतक्या वर्षांत क्लबच्या बोलण्यात ती एकदाही पडली नव्हती. हातातलं दावं बाजूला ठेवून ती उंबऱ्यापर्यंत आली.

"मास्तरचं नाव त्यांच्या मनात पैल्यापासून व्हतं. मला रोज म्हणायचे, खेळ बी कळतंय त्यास्नी, पोरं बी कळत्यात. पण मास्तरला न्हाई म्हणता येत न्हाई. जो मागंल त्याला व्हय म्हणतंय. धरत न्हाई मास्तर, नुसतं हातात घेतंय. नाव निघालं तर त्यास्नीच ओढावं लागलं असतं, आन् चारचौघांत तुमास्नी ओढायचं त्यांच्या जिवावर आलतं. म्हणून गप बसले."

सुतळीच्या ढिगावर पडलेला तो तरुण मास्तर पुन्हा तिथंच पडला होता.

"आता मी ओढायले," अक्का म्हणाली. "आमचा बसवा हाय न्हवं, माझा नातू. गुडघा सुजलाय, लंगडायलाय, तरी खेळतो म्हणायलाय. त्याला बाहेर बसवाल का?"

बसवा म्हणजे आमच्या संघातला एकमेव गडी, ज्याच्यामुळं छातीवरचं 'भरघोस उत्पन्न' कधीमधी खरं व्हायचं. उत्तर द्यायचं दत्तानं, पण तो माझ्याकडं बघू लागला. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "बघू."

"हे बघा," अक्का म्हणाली. "बघू!"

अप्पा गेल्यानंतर त्या पायरीवर पहिल्यांदाच सगळे हसले. फॉर्म अडवून चालणार नव्हतं. अक्का म्हणाली, सही करा, पण उत्तर तुमच्याकडं राहिलंय हे ध्यानात ठेवा. मी सही केली. शाल खुंटीलाच राहिली.

पहिला सामना बसवकल्याणला. सकाळीच बसवा पट्टी बांधून, बूट घालून तयार. मी गुडघा दाबून बघितला, तर पोरगं ओठ चावून उभं राहिलं. "सर, आजच्या दिवस. आज्जाच्या नावानं खेळतो." आता यावर कुणाच्या तोंडून नाही निघेल? दत्ता कानाशी लागला, "सर, ह्यो न्हाई तर आपलं सगळं मुसळ केरात." माझ्या जिभेवर 'बरं' आलेलंच होतं. वीस वर्षं तेच येत होतं.

"नाही," मी म्हणालो. "बूट काढ आणि माझ्याजवळ बस."

बसवा रडला. मग चिडला. सामनाभर माझ्याकडं पाठ करून बसला. आम्ही एका गोलानं हरलो. परतीच्या टेम्पोत माझ्याशी कुणी बोललं नाही, रफीकभाईसुद्धा नाही. सुटीत पोरांना पाणी दिलं होतं आणि हरल्यावर गूळ वाटला होता. तो सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला, एवढंच काय ते समाधान.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी दोरांच्या दुकानासमोरून मान खाली घालून, जरा लगबगीनंच निघालो होतो.

"मास्तर," अक्कानं हाक मारली. "शिट्टी कशात अडकवलीय?"

मी खिशातून शिट्टी काढली. तिला बुटाची जुनी नाडी बांधलेली होती. अक्कानं तोंड वाकडं केलं. बारीक पांढऱ्या सुताची, तिनंच वळलेली दोरी घेतली, शिट्टीत ओवली आणि गाठ मारली. ती माझ्या हातात द्यायला निघाली आणि थांबली. एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं मुठीला गुंडाळलं आणि हिसका दिला.

मग माझ्याकडं बघत दुसरा दिला.

"घ्या," ती म्हणाली. "गळ्यात घाला."