ठरावाखालची माझी सही

चाकणच्या पुढे, कंपन्यांना लागून असलेल्या एका गावात आम्ही सात वर्षं राहिलो. एका घरमालकाच्या बारा खोल्या होत्या, त्यातली तिसरी आमची. नवरा गिअरच्या कारखान्यात शिफ्टला, मी वायरिंगच्या युनिटमध्ये लाइनवर. मुलगी पहिलीपासून गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे नेमकं हेच मला कागदावर दाखवता आलं नाही.

मुलगी पाचवीत गेली. जिल्ह्यात सरकारची एक निवासी शाळा आहे. सहावीला परीक्षा घेऊन मोजकी मुलं घेतात, मग बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. बहुतेक जागा तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळांत शिकलेल्या मुलांसाठी राखीव असतात. माझ्या मुलीनं तयारीची दोन्ही पुस्तकं दोनदा सोडवली होती. आरशातली आकृती कुठली, असं ती मला भाकरी थापताना विचारायची आणि मी चुकले की खूश व्हायची. वसतिगृहात पत्र्याची पेटी लागते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पेटीत काय कुठं ठेवायचं, तेही तिचं ठरून गेलं होतं.

जागा खेड्याच्या म्हटल्यावर शहर तिथं पोचणारच. माझी मुलगी तिसरीत असतानाच पिंपरीकडची नऊ-दहा पोरं आमच्या शाळेत दाखल झाली. सकाळी व्हॅन यायची, हजेरी व्हायची आणि मधल्या सुट्टीत तीच व्हॅन त्यांना क्लासला घेऊन जायची. मुख्याध्यापकांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण पट घसरला की शाळेचा एक शिक्षक जातो, म्हणून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

परीक्षेच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही लागते. व्हॅनच्या मुलांना ती द्यायची की नाही, यावरून गावात कुरबुर वाढली आणि त्यांनी पालकसभा बोलावली. गावकरी पुढे सतरंजीवर, व्हॅनवाले पालक खुर्च्यांवर आणि आम्ही भाडेकरू दाराशी.

आमचे घरमालक पहिल्यांदा उठले. त्यांची नात माझ्या मुलीच्याच वर्गात होती आणि तीही परीक्षेला बसणार होती. "शाळा गावची हाय," ते म्हणाले. "आमच्या पोरांच्या ताटातलं ह्यांनी का खायचं?"

व्हॅनवाल्यांतल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, आमची मुलगी तीन वर्षं इथेच शिकतीये. हजेरीपटावर आहे. गावात राहायलाच पाहिजे, असं फॉर्मवर कुठे लिहिलंय?"

त्या शांतपणानंच माझं डोकं फिरलं. माझी जीभ मुळात लांब, माहेरीही त्यासाठी बोलणी खाल्लेली. मी दारातूनच म्हणाले, "हजेरी इथं आणि शिक्षण क्लासला. सर, सोपं आहे. जो गावात राहतो त्यालाच सही. राहत असल्याचा कागद दाखवा आणि सही घेऊन जा."

टाळ्या पडल्या. सात वर्षांत त्या गावात मी फक्त 'तीन नंबरवाली' होते. त्या दिवशी घरमालक सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई बरोबर बोलल्या." मी फुलून गेले, खोटं कशाला सांगू. सरांनी तिथंच ठराव लिहिला. सूचक मी, अनुमोदक घरमालक. दोघांनी सह्या केल्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं एवढंच विचारलं, "आपला कागद कुठाय?"

"अख्ख्या गावाला माहितीये आपण इथं राहतो," मी म्हणाले.

मग शोधायला बसलो. आधार कार्ड बीडचं. रेशन कार्डही तिथंच सासरी, कारण तिथून नावं काढली तर सासूचं धान्य कमी होतं. विजेचा मीटर मालकाच्या नावावर. राहिला भाडेकरार, तो कधी झालाच नव्हता. आमच्या पट्ट्यात कामगारांच्या खोल्या तोंडी बोलीवरच चालतात. मी घरमालकांकडे गेले.

"कागदाचं काम आपण करत न्हाई," ते म्हणाले. "एकीला दिला की बाकीच्या अकरा खोल्या दारात येत्यात."

"मामा, मग सरांना तोंडी तरी सांगा."

"ठरावात कागद म्हटलंय ना ताई."

आवाजात राग नव्हता. नातीचा विचार त्यांच्या मनात होता की नाही, मला सांगता येणार नाही. होता, असंच मी धरून चालते. ग्रामपंचायतीत रहिवासी दाखला मागायला गेले, तर त्यांनीही करारच मागितला.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मी शाळेत गेले. माझ्या पुढे त्याच शांत बाई, हातात फोल्डर. गावाबाहेर त्यांनी एक गुंठा घेऊन ठेवला होता आणि त्यावर पत्र्याची शेड होती, जिथं एक रात्र कुणी झोपलं नव्हतं. पण घरपट्टीची पावती होती, वीजबिल होतं, दोन्हींवर नवऱ्याचं नाव होतं. सरांनी सही केली. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचा मला जास्त राग आला.

"ताई, तुमची मुलगी वर्गात पहिली आहे," सर म्हणाले. "पाच वर्षांत तिचा खाडा नाही. ती कुठं राहते ते मला माहीत आहे."

"मग करा सही."

त्यांनी सभेचं रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. "एकाला सोडलं तर उरलेले सगळे माझ्यावर तक्रार करतील. ठराव तुमचाच आहे."

निळ्या शाईत माझी सही होती, चांगली ठसठशीत. तिडीक डोक्यात गेली, पण भांडायचं कुणाशी? सरांना काहीबाही बोलून मी बाहेर पडले. त्याची मला आजही लाज वाटते. राग माझा माझ्यावर होता.

मुलीला मीच सांगितलं. ती रडली नाही. सभेचं सगळं तिला मालकांच्या नातीकडून आधीच कळलं होतं.

"आई, तू बोललीस तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. मग फळीवरची ती दोन्ही पुस्तकं घेऊन ती मालकांच्या नातीला देऊन आली.