होय म्हणायला कुणीतरी

देव ऐकतो की नाही, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी तिसरीपर्यंत शिकलेला गिरणीतला माणूस. गिरणी बंद पडली तेव्हाही कुणापुढे हात पसरला नाही, देवापुढेसुद्धा नाही. काळाचौकीच्या खोलीत गणपती आणायचो, तोही वडील आणायचे म्हणून. मागणं कधी नाही.

मग माझी नंदा पिवळी पडली. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, बाप आणि लेक. साधी कावीळ, उतरेल असं वाटलं. पण ती मला ओळखेना, भलतंच बोलू लागली. परळच्या इस्पितळात नेली, तर थेट अतिदक्षता विभागात. लिव्हर बसलं होतं. बदलावं, तर रक्तात जंतू पसरलेले. तेवढं ऑपरेशन ती सोसणार नाही म्हणाले.

तिथल्या डॉक्टरबाई याच आजारावर संशोधन करायच्या. रक्तातलं पिवळं पाणी मशीनने काढून धडधाकट माणसाचं भरायचं. त्याने कुणाचं लिव्हर पुन्हा उठतं आणि कुणाचं नाही, हे त्या शोधत होत्या. नंदालाही तेच लावलं होतं. तपासायला थोडं रक्त वेगळं काढून ठेवायच्या. एकदा माझं डोकं फिरलं.

"माझी पोर काय तुमच्या शिकण्यासाठी ठेवलीय?"

"शिकतेच आहे, काका," त्या म्हणाल्या. "आणि तिला वाचवायलाही बघते आहे. पण वाचेल असं माझ्याने म्हणवत नाही."

खोटं तरी बोलायचं! एवढी शिकलेली बाई, आणि साधं होय म्हणेना. मी बाहेरच्या बाकावर भिंतीकडे बघत बसायचो. चाळीतला शेजारी डबा आणून ओरडायचा, "अण्णा, खा दोन घास. तू उपाशी राहून कोण घाबरणार हाय तुला?" डबा तसाच परत जायचा.

आमच्या कोकणात संकट आलं की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. साथ नसली तर ते गाऱ्हाणंच नव्हे. गावी वडील घालायचे, मी नुसता मागे उभा. एका दुपारी नंदाची किडनीही थांबल्याचं कळलं, आणि शेजाऱ्याने देवासाठी म्हणून पिशवीत ठेवलेला नारळ घेऊन मी खिडकीशी उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, माझा चेडू नंदा आत पडला हा..." म्हटलं आणि साथीसाठी थांबलो. कुणीच बोललं नाही. बाकावरची माणसं नुसती बघत होती. नारळ तसाच हातात धरून उभा राहिलो. इतका एकटा मी बायकोच्या चितेपुढेही नव्हतो.

"काका, काय झालं?" मागे डॉक्टरबाई.

"व्हय म्हाराजा म्हणूक कोण नाय."

त्यांनी हातातल्या फायली बाकावर ठेवल्या. "मी म्हटलं तर चालेल?"

"तुम्ही आमच्या गावच्या नाय."

"मग शिकवा."

मी सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली. "बा देवा, तिका उठव."

"व्हय म्हाराजा," बाई अडखळत म्हणाल्या.

"आणि उठवूचा नसात तर..." हे तोंडून निघेल असं मलाच ठाऊक नव्हतं. "तर तिका जास्त छळू नको."

बाई हळूच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदा गेली. सांगायला बाई स्वतः बाहेर आल्या, माझ्याशेजारी बसल्या. कागदांवर माझी सही झाल्यावर म्हणाल्या, "तिचं काढलेलं रक्त अभ्यासासाठी ठेवू का, काका? नको म्हणालात तर नाही ठेवणार."

माझ्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा."

नारळ फोडायचा राहिला होता. तो घेऊन गावी गेलो. देवळातल्या मानकऱ्याने विचारलं, "चेडू गेला मां तुझा? मग नारळ कसलो?"

"देवान साथ दिल्यान. तेचो."

खोली आता खायला उठते. शिवणयंत्राच्या सुईखाली नंदाने घातलेलं कापड तसंच आहे, मी हलवत नाही. देवाने माझं ऐकलं, असं मी म्हणणार नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मागायला उभा राहिलो, तेव्हा त्याने मला एकटं ठेवलं नाही. त्याचे उपकार आहेत, आणि ते मानायला मला आता लाज वाटत नाही. रोज सकाळी इस्पितळातल्या नंदाच्या पलंगावर आज जो कोण असेल त्याच्यासाठी, आणि बाईंच्या हाताला यश यावं म्हणून, गाऱ्हाणं घालतो. वाक्य संपलं की थांबतो. बहुतेकदा कुणी नसतं. पण कधीकधी भिंतीपलीकडून शेजारी ओरडतो, "व्हय म्हाराजा! आता दार उघड अण्णा, चाय थंड होते."