वनमालाचं हिरवं लुगडं

जानकी जळत होती. कशावरून म्हणाल, तर एका म्हशीवरून!

बोरिवलीच्या पलीकडे नदी खाडीला मिळते, तिथल्या बेटावर नऊ घरं. भरतीला होडी, ओहोटीला मांडीभर चिखल. गिरण्यांच्या संपात नवरा घरी बसला, तेव्हापासून जानकीचं घर चंद्रीच्या दुधावर चाललेलं. पारडू दगावलं, तरी जानकीचा हात लागला की चंद्री पान्हा सोडायची. बाईला त्याचा केवढा तोरा! "माझी म्हस दुसऱ्याक हात लावूक देवची नाय," असं येता-जाता सगळ्यांना ऐकवायची.

मग लेकीचं बाळंतपण आलं. जानकी दीड महिना कांजूरमार्गला अडकली आणि इकडे शेजारची वनमाला धार काढू लागली. जानकी परत येऊन बघते तर चंद्री ओळखच दाखवीना. आंबोण सगळं खाल्लं आणि पान्हा चोरला. तेवढ्यात कुंपणापलीकडे वनमाला नुसती खाकरली, तर म्हैस कान टवकारून हंबरली! जानकीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बादली तिथेच आपटली.

"मी काढून देते ना गं," वनमाला म्हणाली.

"काय गरज नाय. म्हस माझी हा."

तीन दिवस हाच हट्ट. नवरा सांगून थकला. दूध थेंबभर निघायचं आणि कास तट्ट फुगलेली. चौथ्या दिवशी कासेची मागची बाजू दगडासारखी झाली, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. आता मात्र जानकीची पाचावर धारण बसली. होडीवाल्या राजारामला तिने बोरिवलीला पिटाळलं. गुरांचे डॉक्टर आले ते दुपारच्या भरतीला.

त्यांनी सुई टोचली, सडात औषध सोडलं. "मागचा एक सड गेला, बाई. दोन दिवस आधी कास मोकळी झाली असती तर वाचला असता. उरलेले तीन हवे असतील तर दर दोन तासांनी धार काढा. हिला कोणाच्या हाताची सवय आहे?"

 नवऱ्याने वनमालाच्या दाराकडे बोट दाखवलं.

जानकी त्या दारात जाऊन उभी राहिली. "येऊ का गं?" वनमालाने विचारलं.

"तू नको येव. तुजा लुगडा दी."

धार काढणारी बदलली की जुनीचं लुगडं नेसून बसायचं, ही बेटावरची रीतच. वनमाला हसली नाही, एवढं बरं. अंगावरचं हिरवं लुगडं बदलून तिने तसंच हातात दिलं. जानकी ते नेसली, पण सवतीचं नेसल्यासारखं अंगाला डाचत होतं.

चंद्रीने पदर हुंगला, चाटला आणि पान्हा सोडला. बादलीत धार वाजली. जानकीचा जीव भांड्यात पडला. न राहवून ती बोलून गेली, "माजी बाय गो ती!"

चंद्रीने मान वळवून पाहिलं. धार तटकन थांबली.

जानकीने ओठ घट्ट मिटले. बऱ्याच वेळाने म्हैस पुन्हा पान्हावली. तीन सड वाचले.

त्यानंतर चंद्री वेतामागून वेत पाच वर्षं दुभत होती. जानकी रोज दोनदा तेच, आता ठिगळं लागलेलं हिरवं लुगडं नेसून तिच्यापाशी बसायची, आणि त्या पाच वर्षांत म्हशीशी एक शब्द बोलली नाही.