काकूनं घरं दाखवली, त्यानं रेघ ओढली

मंडळी, आज दुपारी मावला गावातल्या आमच्या गल्लीत एक माणूस नकाशा घेऊन आला. "वॉर्डाच्या हद्दी बदलून राह्यल्या," म्हणाला. कोणत्या ऑफिसचा, हे आमी विचारलंच नाही.

काकूनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला अन् सवयीनं एकेक घर दाखवत गेली. "हे आपल्यावाले. ते पत्र्याच्या गेटचं घर त्यांच्या पार्टीचं."

कप खाली ठेवून त्यानं पेन्सिलनं रेघ ओढली. रेघ रस्त्यानं गेलीच नाही. 'आपल्यावाल्या' घरांच्या बरोबर मधून वळत गेली. अर्धे या वॉर्डात, अर्धे त्या. आता दोन्हीकडं आमी थोडेच.

तो गेल्यापासून काकू एकच विचारून राह्यली, "काऊन बोलली रे मी?"

तुमच्या गल्लीत तो येऊन गेला का? त्याला घरं कोणी दाखवली?