मैलाचा दगड, बाद लाइसेंस आणि वकीलसाहेब

आमचे हे मध्य प्रदेशात, बालाघाटला वकील होते. दुसऱ्याच्या विक्रीखतातला चुकलेला स्वल्पविरामही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःच्या लाइसेंसची मुदत मात्र सहा वर्षांपूर्वी संपली होती. मी तीनदा आठवण करून दिली. "मले या बालाघाटात कोन अडवते?" एवढंच म्हणायचे. खोटंही नव्हतं ते. चौकातला शिपाई त्यांना सलाम ठोकायचा. त्याच्या मेहुण्याची केस यांच्याकडेच होती.

माझं लाइसेंस चालू होतं. माहेर तुमसरचं, वडिलांची धानाची गिरणी, आणि गिरणीच्या पटांगणात मी जीप शिकले होते. लग्नानंतरही मुदत संपायच्या आत मी ते दर वेळी पुढे वाढवून घ्यायची. मी फार कायदा पाळणारी म्हणून नाही. त्यातला माझा फोटो चांगला आला होता, तो बाद होऊ देणं जिवावर यायचं. गाडीची चावी मात्र यांच्याच खिशात.

एकदा पक्षकाराच्या मुलीच्या लग्नाहून, उकवा गावाहून, आम्ही दोघं परत येत होतो. भर दुपार, पंगतीतलं जेवण अंगावर आलेलं. जंगलातली वळणं सुरू झाली तशी यांनी माझी शिकवणी घेतली. "पाह्य, वळणावर गाडी अशी घ्यावं लागते," म्हणून माझ्याकडे तोंड केलं, आणि गाडी थेट मैलाच्या दगडावर गेली. दगड जागचा हलला नाही. बॉनेट चेपलं, रेडिएटर फुटलं. आम्हाला खरचटलंही नाही. यांचा पहिला प्रश्न, "हा गोटा इथं काहून गाडला?"

तेवढ्यात मागून बस आली. सगळे उतारू खाली उतरून बघायला लागले. वकीलसाहेब अजून स्टिअरिंग धरूनच बसलेले. एका म्हातारीनं खिडकीतून आत वाकून विचारलं, "बुवा जिता हाये का?"

गाडी ट्रकमागं बांधून घरी आणली. विमा होता, तसं कंपनीला कळवलं. पाहणीला माणूस येणार, त्याच्या आदल्या दिवशी यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

"सर्व्हेअर येऊन राह्यला उद्या. त्याले सांगजो, गाडी तू चालवत होती."

"काहून?"

"माझं लाइसेंस बाद हाय ना! बिनलाइसेंसवाल्याले कंपनी पैसे देत नाही."

"आणि ती बसभर माणसं?"

"ते काय साक्षीले येऊन राह्यले?"

खोटं बोलायचं मला वावडं नव्हतं; सासूबाईंशी रोजच बोलायची. पण गावभर झालं असतं की बाईनं गाडी चालवली आणि दगडावर घातली. तुमसरला वडिलांच्या कानावर गेलं असतं.

"दगडावर घातली तुम्ही आणि नाव माझं? जमणार नाही."

"नवऱ्यासाठी एवढंही करत नाहीस?"

"स्वयंपाक करते, पोरं सांभाळते, तुमच्या पक्षकारांना चहा देते. अपघात तेवढे तुमचे तुम्ही करा."

ऐटीत बोलले खरी, पण विम्याचे पैसे बुडाले तर? गाडी ताडपत्रीखाली गंजत पडली असती आणि जन्मभर त्याचं खापर माझ्या डोक्यावर.

सर्व्हेअर जबलपूरचे, म्हातारे, शांत. पोह्यांची बशी हातात घेत त्यांनी विचारलं, "गाड़ी कौन चला रहा था?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "वकीलसाहब. और लाइसेंस की मियाद निकल गई थी."

यांनी डोळे मिटून घेतले.

"पहले पक्का लाइसेंस था?"

"था," हे पुटपुटले.

"किसी अदालत ने रोक तो नहीं लगाई?"

"मुझ पर? अदालत?" यांचा आवाज परत आला.

सर्व्हेअरनी आमचीच पॉलिसी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवून यांच्यापुढे सरकवली. चालवणाऱ्याकडे चालू लाइसेंस असावं, किंवा पूर्वी पक्कं लाइसेंस असून ते घ्यायला त्याला कुठली बंदी नसावी. शिकाऊ चालत नव्हता. मुदत संपलेले वकील चालत होते.

"आपने पढ़ा नहीं था?"

वकीलसाहेबांनी ती ओळ तीनदा वाचली.

"बसवाले से मैं मिलकर आया हूँ," सर्व्हेअर सहज म्हणाले. "झूठ लिखवाते तो क्लेम वहीं खत्म था. बहनजी, पोहा और है?"

मी त्यांना बशी भरून दिली, वर लिंबू पिळून.

दुरुस्तीचे पैसे मिळाले. लाइसेंससाठी मात्र यांना नव्यानं परीक्षा द्यावी लागली. मैदानात गाडी मागे घेताना त्यांनी इन्स्पेक्टरची खुर्ची आडवी केली. सुदैवानं तो उभा होता. नापास.

तिथून घरी येताना गाडी अर्थातच मी चालवत होते. "त्या इन्स्पेक्टरले काही कळत नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, "हौ," आणि गाडी बाजाराकडे वळवली. वांगी घ्यायची होती.